कार्बन डॉट्सचा उजेड लोहाने कमी होतो, पण कशामुळे?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. कार्बन डॉट्स, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे काही नॅनोमीटरचे कार्बनचे कण, बनवायला तुम्ही सिट्रिक ॲसिड आणि इथिलीनडायअमाइन पाण्यात मिसळून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्यात) २०० अंश सेल्सिअसला पाच तास ठेवलंत. यूव्ही दिव्याखाली झगझगीत निळा दिसणारा तपकिरी द्रव मिळाला. फेरिक आयन (तीन धनभार असलेलं विरघळलेलं लोह) घातले की उजेड कमी होतो, आलेख सरळ येतो. पण याच पद्धतीने नळाच्या पाण्यातलं लोह मोजलं की आकडे दर वेळी वेगळे येतात. पेशींत निळा रंग दिसतो, पण डॉट्स न घातलेल्या पेशीही थोड्या निळ्या दिसतात. तुम्ही विचारलंय की डॉट्स बनवण्याची कृती सुधारायची का, दुसरं काही मिसळून बघायचं का.

माझ्या मते कृती बदलून यातलं काहीही सुटणार नाही. तुमच्यासमोर खरं तर तीन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. नेमकं काय चमकतंय? लोह आल्यावर उजेड का कमी होतो? आणि पेशीत दिसणारा उजेड कोणाचा? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. मी या विषयात बरीच वर्षं घालवली आहेत, आणि विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने इथेच वाया जाताना पाहिलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या पदार्थांचा जन्मच शुद्धीकरणातून झालाय. २००४ साली आर्क-डिस्चार्जच्या काजळीतून नॅनोट्यूब वेगळ्या करताना इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या दाबाने कण वेगळे करताना) काही चमकणारे पट्टे दिसले. मुख्य पदार्थाच्या दृष्टीने तो गाळच होता. २००६ मध्ये या कणांना 'कार्बन डॉट्स' हे नाव मिळालं. नावात डॉट असला तरी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या क्वांटम डॉट्सना मिळालं त्यांच्याशी यांची गल्लत करू नका. त्या अर्धवाहक स्फटिकांचा रंग मुख्यतः कणाच्या आकारावर ठरतो. आपल्या डॉट्समध्ये पृष्ठभागावरचे रासायनिक गट, नायट्रोजनची जागा आणि कणाला चिकटलेले छोटे रेणू हे सगळे मिळून रंग ठरवतात. त्यामुळे 'कण ३ नॅनोमीटरचा आहे म्हणून निळा' हे वाक्य प्रबंधात लिहू नका. ते तुम्ही सिद्ध केलेलं नाही.

आता पहिला प्रश्न. तुमच्याच मिश्रणावर २०१३ मध्ये सुमारे ८० टक्के क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती पुन्हा बाहेर पडतात ते प्रमाण) नोंदवलं गेलं आणि जगभर सगळे त्याच वाटेने गेले. पुढे लक्षात आलं की सिट्रिक ॲसिड आणि इथिलीनडायअमाइन यांच्यापासून सुमारे १८० डाल्टन वजनाचा एक लहानसा चक्रीय रेणू तयार होतो, आणि तो स्वतःच अतिशय तेजस्वी निळा चमकतो. तो मोकळा फिरतो, कणाला चिकटतो किंवा कणाच्या जाळ्यात अडकतो. त्यामुळे तुम्हाला दिसणारा उजेड कार्बन कणाचा की या रेणूचा, हे द्रव नुसता पाहून सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसले म्हणजे तेच चमकतात, असंही नाही. तिथे कण आणि उजेड यांचा पुरावा एकमेकांपासून वेगळा असतो.

डायलिसिस, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या बॅगेत द्रव भरून लहान रेणू बाहेरच्या पाण्यात निघू देणं, तुम्ही केलंच असेल. माझी पहिली विनंती आहे ती बॅगेबाहेरचं पाणी न फेकण्याची. १००० डाल्टनची बॅग घ्या, दर वेळी बाहेरचं पाणी साठवा आणि आतल्या व बाहेरच्या द्रावणांचा फ्लुओरेसन्स (चमक) एकाच शोषणमूल्याला (द्रावण किती प्रकाश शोषतं त्या आकड्याला) आणून मोजा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा जास्त चमकत होतं. त्या दिवसापर्यंत मी तीन नमुन्यांची क्वांटम यील्ड मोजून ठेवली होती आणि ती तिन्ही बाजूला ठेवावी लागली. वाईट वाटलं, पण पुढचं सगळं काम त्यामुळेच भक्कम झालं. एक दिवसाचं डायलिसिस पुरत नाही. बाहेरच्या पाण्याचा उजेड कोऱ्या पाण्याइतका होईपर्यंत पाणी बदलत राहायचं, त्याला कधी चार-पाच दिवस लागतात. त्यानंतर सिलिका कॉलममधून एक फेरी घेतली तर आणखी चांगलं. असा वेगळा झालेल्या प्रत्येक भागाचं उत्सर्जन (बाहेर पडणारा प्रकाश) आणि आयुष्य (उत्तेजित झाल्यावर उजेड किती वेळ टिकतो ते) वेगळं मोजा. आयुष्य सगळ्यांत सारखं आलं तर चमकणारा घटक बहुधा एकच आहे.

इथे एक बारीक गोष्ट. उत्तेजनाची, म्हणजे नमुन्यावर टाकलेल्या प्रकाशाची, तरंगलांबी बदलली की उत्सर्जन सरकतं, ही कार्बन डॉट्सची ओळख म्हणून सांगितली जाते. नमुना फिकट असेल तर त्या सरकण्यात पाण्याचं रामन विखुरणं (पाण्याच्या रेणूंनी तरंगलांबी बदलून विखुरलेला प्रकाश) मिसळलेलं असतं. पाण्याचं रामन शिखर उत्तेजनापासून सुमारे ३४०० प्रति सेंटीमीटर अंतरावर येतं. ३५० नॅनोमीटरला उत्तेजित केलं तर ते ३९७ च्या आसपास दिसतं, ४०० ला केलं तर ४६३ च्या आसपास. म्हणजे तेही उत्तेजनाबरोबर सरकतं. कोऱ्या पाण्याचा आलेख त्याच सेटिंगवर काढून वजा केल्याशिवाय त्या सरकण्याबद्दल काहीही म्हणू नका.

आता दुसरा प्रश्न, आणि तुमची खरी अडचण इथेच आहे. उजेड कमी होण्याला आपण सरसकट क्वेंचिंग म्हणतो, पण त्याची कारणं निदान चार असू शकतात. आयन येऊन उत्तेजित कणावर आदळतो, हे एक. आयन कणाला आधीच चिकटून न चमकणारी जोडी बनवतो, हे दुसरं. आयन कणाला हातही लावत नाही, फक्त उत्तेजनाचा किंवा उत्सर्जनाचा प्रकाश वाटेतच पिऊन टाकतो, हे तिसरं. यालाच इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. चौथं कारण म्हणजे पीएच बदलणं किंवा कण गोळा होऊन खाली बसणं.

फेरिकच्या बाबतीत तिसऱ्याची शंका मी सगळ्यात आधी घेतो. फेरिक क्षाराचं द्रावण पिवळसर दिसतं, कारण ते जवळच्या अतिनील भागात भरपूर शोषण करतं आणि त्याची शेपटी निळ्यापर्यंत येते. तुमचं उत्तेजन नेमकं तिथेच, ३५० ते ३६० च्या आसपास आहे. समजा लोह घातल्यावर उत्तेजनाच्या तरंगलांबीला द्रावणाचं शोषण ०.३ ने वाढलं आणि उत्सर्जनाच्या जागी काहीच वाढलं नाही. एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) दुरुस्तीचा नेहमीचा गुणक म्हणजे १० चा घात, आणि तो घात दोन्ही शोषणांच्या बेरजेच्या निम्मा. इथे घात ०.१५, म्हणजे गुणक सुमारे १.४१. याचा अर्थ लोहाने डॉटला स्पर्शही न करता उजेड २९ टक्क्यांनी उतरलेला दिसतो. आणि आलेख? तो या टप्प्यात छान सरळच येतो. सरळ आलेख हा आंतरक्रियेचा पुरावा ठरत नाही.

हे पडताळायला महागडं यंत्र लागत नाही. लोहाच्या प्रत्येक प्रमाणाला यूव्ही-व्हिजिबल शोषण मोजा आणि वरचा गुणक लावून उजेडाची दुरुस्ती करा. दुरुस्तीनंतर आलेख आडवा झाला तर उत्तर मिळालं. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: तीच द्रावणं कमी जाडीच्या क्युव्हेटमध्ये मोजा. खरं क्वेंचिंग असेल तर घटीचं प्रमाण तेवढंच राहतं. नुसतं शोषण असेल तर वाट आखूड झाल्यावर घट आखडते. तिसरा उपाय एका वेगळ्या क्युव्हेटचा. नुसतं लोहाचं द्रावण भरलेली क्युव्हेट उत्तेजनाच्या वाटेत, डॉट्सच्या क्युव्हेटपुढे ठेवा. दोन्ही द्रावणं एकमेकांना भेटलेली नाहीत, तरी उजेड उतरला, तर तो शोषणामुळेच. विद्यार्थ्यांना हा प्रयोग एकदा दाखवला की मग त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

दुरुस्तीनंतरही घट उरली तर आयुष्य मोजा. आदळण्यामुळे क्वेंचिंग होत असेल तर आयुष्यही त्याच प्रमाणात घटलं पाहिजे. आयुष्य जागचं हललं नाही तर जोडी बनतेय, किंवा शोषणाची दुरुस्ती अपुरी आहे. एक झटपट हिशेबही करा. समजा तुमचा स्टर्न-व्होल्मर स्थिरांक (लोहाच्या प्रमाणानुसार उजेड किती उतरतो ते सांगणारा आकडा) १०,००० प्रति मोलर आला आणि मूळ आयुष्य १० नॅनोसेकंद आहे. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १० चा बारावा घात येतो. पाण्यात दोन रेणू एकमेकांवर आदळण्याच्या वेगाची कमाल मर्यादा साधारण १० चा दहावा घात. तुमचा आकडा त्याच्या शंभरपट आहे, म्हणजे इथे आदळणं हे कारण असूच शकत नाही. दहा सेकंदांचं गणित आहे हे, तरी अनेक मसुद्यांमध्ये 'डायनॅमिक क्वेंचिंग' असं बिनधास्त लिहिलेलं मला दिसतं.

पीएचचंही तसंच. फेरिक क्लोराइड पाण्यात टाकलं की द्रावण आम्लधर्मी होतं, आणि कार्बोक्झिल गटांनी भरलेले डॉट्स आम्लात आपोआप मंदावू शकतात. म्हणून लोहाऐवजी तेवढ्याच पीएचला आणणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून एक नियंत्रण प्रयोग कराच. तुम्ही फॉस्फेट बफर वापरताय असं लिहिलंय. फॉस्फेट फेरिकला धरून ठेवतो, आणि उदासीन पाण्यात फेरिकचं हायड्रॉक्साइड होऊन द्रावण धुरकट होतं. तुम्ही बाटलीवर लिहिलेलं प्रमाण आणि द्रावणातलं खरं मोकळं लोह यांचा मग काही मेळ राहत नाही. मी फेरिक मोजतो तेव्हा पीएच २ च्या आसपास ठेवतो आणि डॉट्स त्या आम्लात टिकतात का, ते आधी पाहतो. टिकत नसतील तर लोहाचा नाद सोडून दुसरा पदार्थ शोधावा. तुमच्या परिस्थितीत कोणता मार्ग बरा, हे डॉट्सवरच्या गटांवर अवलंबून आहे आणि ते मला इथून सांगता येणार नाही.

इनर फिल्टर इफेक्ट निघाला तर काम वाया गेलं असं मानू नका. क्रोमेट ३७२ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, अल्कलीतलं पॅरा-नायट्रोफिनॉल ४०० च्या आसपास. या गोष्टी त्या तत्त्वावर मोजता येतात आणि लोक मोजतातही. फक्त मग तसं स्पष्ट लिहावं लागतं. तुमची निवडकता ही डॉट्सची राहत नाही, ती रंगाची होते. त्या पट्ट्यात शोषणारा कोणताही पदार्थ तेच उत्तर देईल. आणि साध्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रापेक्षा तुमच्या पद्धतीने काय जास्त मिळतं, याचं प्रामाणिक उत्तर द्यावं लागतं.

नळाच्या पाण्याकडे येतो. तिथे आकडे हलतात याचं मला मुळीच नवल वाटत नाही. शुद्ध पाण्यातल्या डॉट्सवर तुम्ही एकच आयन घालत होतात. नळाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन असतो, आणि हायपोक्लोराइट कार्बन डॉट्सच्या पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण करून त्यांना विझवतं. ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन म्हणजे सुमारे ७ मायक्रोमोलर. तुम्ही लोह ज्या पट्ट्यात मोजताय, त्याच पट्ट्यातला हा आकडा आहे. पाणी किती वेळ उघडं राहिलं त्यानुसार क्लोरीन बदलतो, म्हणून तुमचा आकडाही रोज बदलतो. थोडं थायोसल्फेट घालून क्लोरीन काढून बघा. पण थायोसल्फेट फेरिकचंही क्षपण करतं (त्याला इलेक्ट्रॉन देऊन बदलून टाकतं), म्हणून लोहासाठी ते पाणी वापरू नका. त्या नमुन्याचा उपयोग फक्त क्लोरीनचा दोष ओळखण्यापुरता करा.

कॅल्शियममुळे कार्बोक्झिल असलेले कण एकत्र येतात, ही दुसरी अडचण. तिसरी नदी-तलावाच्या पाण्यात येते: कुजलेल्या पानापाचोळ्यातले ह्युमिक पदार्थ ३५० च्या आसपास उत्तेजित केले की स्वतःच ४५० च्या आसपास चमकतात, अगदी तुमच्या डॉट्ससारखे. म्हणून डॉट्स न घातलेल्या त्या पाण्याचा आलेख प्रत्येक नमुन्याबरोबर हवाच. कॅलिब्रेशन शुद्ध पाण्यात करून ते नळाच्या पाण्याला लावू नका. त्याच नमुन्यात ठराविक लोह टप्प्याटप्प्याने घालून उतार काढा. तो उतार शुद्ध पाण्यातल्या उतारापेक्षा वेगळा आला तर पाण्यातलं दुसरं काहीतरी मध्ये येतंय.

निवडकतेच्या तक्त्यात प्रत्येक आयन एकटा घालून काढलेले स्तंभ दिसायला सुंदर असतात. पण खरी परीक्षा म्हणजे लोह आणि बाकीचे सगळे एकत्र, तेही खऱ्या पाण्यातल्या प्रमाणात. शोधमर्यादेबद्दलही (ओळखता येणाऱ्या सर्वात कमी प्रमाणाबद्दलही) एक सांगतो. तीन सिग्मा भागिले उतार हे सूत्र बरोबर आहे, पण सिग्मा म्हणजे निदान दहा स्वतंत्र कोऱ्या द्रावणांमधला फरक. एकच क्युव्हेट दहा वेळा वाचून आलेला आकडा हा यंत्राचा स्थिरपणा सांगतो, पद्धतीचा नाही. आणि ती मर्यादा कशासाठी हवी, तेही पाहा. लोहाची चव पाण्याला ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर लागू लागते, म्हणजे सुमारे ५.४ मायक्रोमोलर. तिथे नॅनोमोलरच्या मागे धावायची गरज नाही. उलट पाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा ६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे ३० नॅनोमोलर. तिथे मायक्रोमोलरची पद्धत निरुपयोगी ठरते.

आता पेशी. डॉट्स न घातलेल्या पेशी निळ्या दिसतात, कारण त्या खरंच निळ्या चमकतात. पेशीतलं एनएडीएच (ऊर्जेच्या देवाणघेवाणीत वापरला जाणारा रेणू) ३४० च्या आसपास उत्तेजित होऊन ४६० च्या आसपास प्रकाश देतं. फ्लॅविन ४५० ला उत्तेजित होऊन ५३० ला. निळ्या डॉट्सने नेमकी एनएडीएचचीच जागा घेतलीये. त्यात तुमच्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा लेझर ४०५ चा असणार, आणि या डॉट्सचं सर्वोत्तम उत्तेजन ३५० ते ३६० ला. म्हणजे डॉट्स जेमतेम उजळतात, आणि ते दिसावेत म्हणून आपण गेन (यंत्र संकेत किती मोठा करून दाखवतं ते) वाढवतो. गेन वाढवला की पेशीचा स्वतःचा उजेडही वाढतो. लेझरची ताकद, गेन आणि एक्स्पोजर कोऱ्या पेशींवर ठरवून टाका, आणि मग त्याला हात न लावता डॉट्स घातलेल्या पेशी पाहा. 'एकाच कणाने निळा, हिरवा, लाल' अशा तीन चित्रांवर तर माझा तोपर्यंत विश्वास बसत नाही, जोपर्यंत तिन्ही वाहिन्यांमधल्या कोऱ्या पेशी त्याच सेटिंगवर शेजारी दाखवलेल्या नाहीत.

कण आत गेला की बाहेर चिकटला, हे ठरवायला वेगवेगळ्या खोलीच्या चित्रांची मालिका घ्या. ४ अंशांवर तोच प्रयोग करा. पेशी ऊर्जा खर्चून कण आत घेत असेल तर थंडीत आतला उजेड घटला पाहिजे. मेलेल्या पेशी काहीही आत घेतात, म्हणून प्रोपिडियम आयोडाइड (फक्त मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) सोबत हवं. शक्यतो जिवंत पेशीच पाहा. अल्डिहाइडने स्थिर केलेल्या पेशींत स्वतःचा उजेड वाढतो आणि पडदाही गळका होतो. अशा पेशीत डॉट केंद्रकात दिसला तरी त्याचा फारसा अर्थ लागत नाही. चित्र घेताना फिनॉल रेड (पीएच दाखवणारा रंग) नसलेलं माध्यम घ्या. आणि पहिल्या प्रश्नाची आठवण ठेवा: मोकळा छोटा रेणू पेशीत सहज शिरतो. डायलिसिस अपुरं असेल तर ते चित्र नॅनोकणाचं नसेलच.

विषारीपणासाठी तुम्ही एमटीटी केलंय, म्हणजे जिवंत पेशी क्षपण करून ज्याला रंग आणतात त्या पदार्थाची चाचणी. पेशी न घालता फक्त डॉट्स आणि एमटीटी ठेवून बघा. काही कार्बन पदार्थ एमटीटीचं स्वतःच क्षपण करतात आणि रंग देतात, म्हणजे मेलेली पेशी जिवंत मोजली जाते. अंधारात केलेली चाचणी उजेडातल्या प्रयोगाला पुरत नाही, कारण काही डॉट्स प्रकाशात क्रियाशील ऑक्सिजन तयार करतात. सूक्ष्मदर्शकाखाली जेवढा प्रकाश पडतो तेवढा देऊनही एकदा चाचणी करा.

'पेशीतलं फेरिक दाखवलं' हा दावा मात्र तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं. पेशीच्या आत ग्लुटाथायोन (क्षपण करणारा रेणू) १ ते १० मिलिमोलर असतं, वातावरण क्षपणकारी असतं, आणि तिथलं सैल बांधलेलं लोह मुख्यतः फेरस (दोन धनभारांचं) असतं. मोकळं फेरिक तिथे जवळजवळ नसतंच. बाहेरून शेकडो मायक्रोमोलर फेरिक घातल्यावर पेशी मंद दिसते, त्यात माध्यमातला गाळ, पेशीवरचा ताण आणि शोषण या सगळ्यांचा वाटा असतो. शिवाय विझण्यावर आधारलेलं चित्र मुळातच अवघड. एक जागा काळी आहे, ती लोहामुळे की तिथे डॉट पोचलाच नाही म्हणून? याचं उत्तर एका रंगाच्या चित्रातून मिळत नाही. दोन रंग देणारा डॉट असेल, त्यातला एक रंग लोहाने बदलणारा आणि एक स्थिर राहणारा, तर त्यांचं गुणोत्तर काढता येतं. किंवा आयुष्यावर आधारलेलं चित्रण करता येतं, कारण आयुष्य डॉट्सच्या प्रमाणावर अवलंबून नसतं.

लाल डॉट्सकडे वळू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. कल्पना चांगली आहे. पेशीचा स्वतःचा उजेड लाल भागात बराच कमी असतो आणि ऊतकांत लाल प्रकाश खोलवर जातो. फिनिलीनडायअमाइनच्या तीन समघटकांपासून २०१५ मध्ये तीन रंग मिळवले गेले: ऑर्थोपासून हिरवा, मेटापासून निळा, पॅरापासून लाल. पण असे बरेच लाल डॉट्स अल्कोहोलमध्ये झळकतात आणि पाण्यात फिके पडतात. आणि अभिक्रिया न होता उरलेलं पॅरा-फिनिलीनडायअमाइन त्वचेला ॲलर्जी आणणारं आहे, ते पेशींपर्यंत पोचता कामा नये. म्हणजे शुद्धीकरणाचा प्रश्न तिथे आणखी टोकदार होतो. दीर्घकाळ एकाच कणाचा मागोवा घ्यायचा असेल तर नायट्रोजन-पोकळी असलेले (नायट्रोजनशेजारी एका कार्बन अणूची जागा रिकामी असलेले) नॅनोडायमंड बघा. ते ६०० ते ८०० नॅनोमीटरमध्ये चमकतात आणि प्रकाशात फिके पडत नाहीत. रासायनिक बदलांना मात्र ते तुमच्या डॉट्सइतके संवेदनशील नाहीत.

म्हणून या आठवड्यात नवीन काही बनवू नका. आहे तोच नमुना पुन्हा डायलिसिसला लावा, बाहेरचं पाणी प्रत्येक बदलाला वेगळ्या बाटलीत ठेवा. दरम्यान लोहाच्या सगळ्या प्रमाणांची शोषणं मोजून गुणक लावा, त्याला एक दुपार पुरते. दुरुस्तीनंतर घट उरली तर आयुष्य मोजायला वेळ मागा. पेशींचं काम तोवर थांबवा. आणि बाहेरच्या पाण्यातच सगळा उजेड निघाला तर तो रेणू वेगळा करून त्याचं वस्तुमान घ्या. १८० च्या जवळ आकडा आला की तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच सुरू होतं, आणि मार्गदर्शकांना दाखवायला ते न लपवता समोर ठेवा.